डॉक्टर का व्हायचंय? एका नीट-रिपीटर विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण विद्यार्थिनीच्या आणि तिच्या पालकांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव दिलेलं नाही, गुण आणि काही कौटुंबिक तपशील थोडे बदलले आहेत. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. निकालानंतर पर्याय-अर्ज भरायला मुलं आणि पालक येतात, त्या कामातूनच हे प्रकरण माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील एसटीत कंडक्टर, आई आशा सेविका, धाकटा भाऊ नववीत. सव्वादोन एकर रान, त्यातलं निम्मं कोरडवाहू. प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रीमिलेअर दाखला काढलेला. मुलीला दहावीला ९४ टक्के पडले. अकरावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घ्यायचं हे त्यानंतर कुणी बसून ठरवलं नाही, ते आपोआप झालं. आमच्याकडे चांगल्या टक्क्यांची मुलगी म्हणजे डॉक्टर आणि मुलगा म्हणजे इंजिनिअर, हे समीकरण अजून पुरतं मोडलेलं नाही.

मे २०२४ मध्ये तिने पहिल्यांदा नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, दिली. ७२० पैकी ५४० गुण. आदल्या वर्षी हा आकडा बरा वाटला असता, पण २०२४ ला गुणांचा पूर आला. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, सुधारित निकालात ते १७ वर आले. पेपरफुटीच्या बातम्या, १,५६३ जणांची फेरपरीक्षा, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी या सगळ्यात जून-जुलै गेले. सरकारी एमबीबीएस तिच्या आवाक्याबाहेर गेलं.

घरात भावना एकच होती: आपल्यावर अन्याय झाला. आठवड्याच्या आत तिला ड्रॉप देऊन, म्हणजे एक वर्ष थांबवून पुन्हा नीटच्या तयारीसाठी, लातूरला क्लासला पाठवायचं ठरलं. आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा अभ्यासक्रमांच्या, प्रवेशफेऱ्यांकडे कुणी पाहिलंही नाही. लातूरची फी, खोली आणि मेससाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं.

ड्रॉप घेणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ५४० गुणांची मुलगी पुन्हा बसते, हे समजण्यासारखं आहे. मात्र तो निर्णय परीक्षेवरच्या रागातून झाला. तिला हे सगळं कशासाठी हवंय, हा प्रश्न त्या आठवड्यात कुणाच्या तोंडी आला नाही.

प्रश्न काय होता

४ मे २०२५ चा पेपर वेगळाच निघाला. कोविडच्या काळात आलेले ऐच्छिक प्रश्न काढून टाकले होते. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. हा बदल जानेवारीत जाहीर झाला, तोवर तिचा सराव जुन्या पद्धतीने चालला होता. त्यात भौतिकशास्त्र भलतंच अवघड. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ६८६ च गुण होते. हिला ४३३ पडले: जीवशास्त्र २९०, रसायन ९५, भौतिक ४८. आदल्या वर्षी भौतिकशास्त्रात शंभर होते.

२२ लाखांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. सरकारी जागा पुन्हा हुकणार, हे जूनच्या मध्यालाच स्पष्ट झालं.

जूनअखेर तिघं माझ्याकडे आले. वडील म्हणाले, “मॅडम, तिला डॉक्टर व्हायचंय म्हणजे व्हायचंय. काय करायचं ते सांगा, आम्ही करतो.” मी मुलीला विचारलं, का व्हायचंय? तिने अडखळता उत्तर दिलं: समाजसेवा करायची आहे, बंग दांपत्यासारखं गडचिरोलीत काम करायचं आहे. गडचिरोली तिने पाहिलेली नव्हती. तिथे त्यांनी नेमकं काय केलं, हेही तिला सांगता आलं नाही.

खोटं बोलत होती असं नाही. हे उत्तर तिला शाळेतल्या भाषणांपासून पाठ होतं. दरवर्षी निम्मी मुलं मला हेच सांगतात, फक्त कुणी बंगांच्या जागी आमट्यांचं नाव घेतं. नुसतं ‘का’ विचारलं की मुलं कारण सांगण्याऐवजी शोभेल असं उत्तर देतात, कारण समोर आई-वडील बसलेले असतात आणि विचारणारी शिक्षिका असते. त्या उत्तरावरून काहीच ठरवता येत नाही. तरी आपण दरवेळी तेच विचारतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

समोर असलेले पर्याय

पर्याय तसे बरेच होते, पण घरात चर्चा तीन पर्यायांचीच होती.

पहिला, तिसऱ्यांदा नीट. त्यासाठी आणखी एक कर्ज आणि आणखी एक वर्ष. प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अट नाही, त्यामुळे हा रस्ता कुणी बंद करत नाही. विषयवार गुण पाहिले तर मात्र प्रश्न पडत होता. लातूरचं वर्ष मुख्यतः भौतिकशास्त्र सुधारण्यासाठी होतं आणि तिथेच सगळ्यात मोठी घसरण झाली होती. पेपर अवघड होता हे खरं, पण तो सगळ्यांनाच अवघड होता.

दुसरा, खासगी महाविद्यालयात संस्थास्तरावरची जागा. तिची फी नेहमीच्या फीच्या काही पट असते. रान विकलं तरी पहिली दोन वर्षंच निघाली असती. वडिलांनी तरी भाव काढून ठेवला होता.

तिसरा पर्याय पुण्याहून मामा घेऊन आला: जॉर्जिया. एजंटने मामाला सहा वर्षांचा खर्च एका कागदावर मांडून दिला होता. परत आल्यावर भारतात प्रॅक्टिससाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. त्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण गेली काही वर्षं साधारण २० ते ३० टक्क्यांत फिरतं आहे. हे मी सांगितल्यावर मामा म्हणाला, “आपली पोरगी हुशार आहे, ती त्या तिसांत येईल.” आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. “ह्या वर्षी पण आपण तेच म्हणत होतो.”

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), बीडीएस (दंतवैद्यकाची), फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग यांची नावं मी घेतली तेव्हा वडिलांनी मान हलवली. त्यांना ती नावं हार मानल्यासारखी वाटत होती. मुलगी गप्प होती.

काय केलं

मी पर्याय-अर्जाचाच उपयोग करायचं ठरवलं. राज्याच्या सीईटी कक्षाचा पसंतीक्रम भरताना मुलं एकामागून एक ओळी टाकतात आणि प्रत्येक ओळ हा एक होकार किंवा नकार असतो. तिला एकटीला बोलावलं आणि कोऱ्या कागदावर सगळे अभ्यासक्रम लिहायला लावले, नर्सिंगपासून एमबीबीएसपर्यंत. प्रत्येकासमोर दोन गोष्टी भरायच्या होत्या: या कामातला दिवसाचा कोणता भाग तुला स्वतःला करायला आवडेल, आणि लोकांनी तुला ‘डॉक्टर’ म्हटलं नाही तर चालेल का.

बीडीएस तिने हसून खोडलं. फिजिओथेरपीसमोर काही लिहिलं नाही. परदेशापुढे ‘पप्पांचं रान’ असं लिहून कंस केला. बीएएमएसपुढे प्रश्नचिन्ह. नर्सिंगची ओळ मात्र तिने इतक्या जोरात खोडली की कागद फाटला. गंमत अशी की एमबीबीएससमोर ‘आवडेल असं काम’ म्हणून तिने लिहिलं होतं: बाळंतपण, बाळाला पुसून गुंडाळणं, आईजवळ देणं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम बहुतेक वेळा नर्सच करते.

हा विरोधाभास मी तिला दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग जे सांगितलं ते समाजसेवेबद्दल नव्हतं. ती सातवीत असताना सुट्टीत आईबरोबर केंद्रावर गेली होती. मासिक बैठक होती. आशाताई रजिस्टर धरून रांगेत उभ्या आणि खुर्चीत तेव्हाचे डॉक्टर. आईच्या नोंदीत काहीतरी चुकलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला कळत नाही तर येतेस कशाला?” आईहून वयाने लहान माणूस, आणि ‘तुला’. नर्सताईही बाजूला उभ्याच होत्या. खुर्ची एकच होती.

“मला त्या खुर्चीत बसायचंय, मॅडम,” ती म्हणाली. “हे असं कुणाला सांगता येत नाही.”

पहिला महत्त्वाचा निर्णय इथे होता. हे कारण ‘चुकीचं’ ठरवून तिला पुन्हा सेवाभावाकडे वळवणं सोपं होतं. मी तसं केलं नाही. मान मिळावा म्हणून डॉक्टर व्हावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांची कारणं बहुधा मिसळलेली असतात: विषयाची आवड, घरातलं आजारपण, पैसा, प्रतिष्ठा, आई-वडिलांची इच्छा. प्रतिष्ठेचं कारण तेवढं कुणी कबूल करत नाही.

प्रेरणेच्या अभ्यासात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी प्रसिद्ध आहे. आतून आलेली, आपलीशी वाटणारी प्रेरणा वेगळी आणि दबावाने, भीतीने किंवा बक्षिसाने चाललेली वेगळी, असं ती सांगते. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर याच दिशेने काम करणाऱ्या रश्मी कुसुरकर यांच्या अभ्यासात आपलीशी प्रेरणा असलेले विद्यार्थी अधिक चांगल्या पद्धतीने अभ्यास करतात, अधिक मेहनत घेतात आणि त्यातून त्यांची कामगिरी सुधारते, असं दिसलं. मला अडचण पडते ती आपल्याकडच्या ‘आईसाठी’ या उत्तराची. हा दबाव की आपलेपणा? कागदावरून ते ठरत नाही.

दुसरा प्रश्न होता, हे आईला सांगायचं का. मुलगी नको म्हणाली आणि मी तिचं ऐकलं. त्याची किंमत होती. पुढचे काही आठवडे आई-वडील असं समजून चालले होते की एमबीबीएसपेक्षा कमी काही मिळालं तर पोरगी खचेल. त्यामुळे रान विकण्याचा विषय निघत राहिला. तरीही तिच्या परवानगीशिवाय बोलले असते तर ती पुन्हा माझ्याकडे आली नसती, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट आईच्या ओळखीने जमली. जुलैच्या उत्तरार्धात मुलगी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर बसायला जाऊ लागली. ते डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते. आता तिथे बाई होत्या, बीएएमएस झालेल्या, गट-ब मधल्या वैद्यकीय अधिकारी. हे मुलीला माहीतच नव्हतं. राज्यातल्या अनेक केंद्रांत बीएएमएस डॉक्टर काम करतात, १०८ रुग्णवाहिकेवर असतात, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर असतात. तालुक्याच्या गावात वाढलेल्या मुलीने त्यातले निम्मे पाहिलेले असतात, पण त्यांची पदवी विचारलेली नसते.

त्या बाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. कंत्राटी नेमणुका, एमबीबीएसवाल्यांपेक्षा कमी संधी, बीएएमएस डॉक्टरांनी अॅलोपॅथीची औषधं द्यावीत की नाही हा जुना वाद, सगळं सांगितलं. स्वतःबद्दल एवढंच म्हणाल्या, “मला दोन वर्षं कॉलेजचं नाव सांगायची लाज वाटायची. इंटर्नशिपपासून नाही वाटली.”

मुलीने वहीत लिहून आणलेल्या नोंदी मी वाचल्या. ओपीडी संपल्यावर बाई दुपारभर अहवाल भरतात. अडलेल्या बाईला पुढे पाठवायचं तर रुग्णवाहिकेसाठी त्यांनाच फोनवर फोन करावे लागतात. आणि एक ओळ: ‘खुर्चीत बसायला त्यांना वेळ मिळत नाही.’

आणखी एक नोंद होती. एका बैठकीत नवजात बाळाच्या गृहभेटींचा आढावा चालू होता. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघतात. डॉक्टरबाईंनी सहज सांगितलं की घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याच्या या पद्धतीला गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या बंग दांपत्याच्या संस्थेच्या कामाचा आधार आहे. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करता येतात, हे अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या गावांमध्ये दाखवून दिलं आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांचं नाव ती भाषणात घेत होती त्यांचं काम तिची आई दर आठवड्याला पिशवीत वजनकाटा घालून करत होती.

निर्णय

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिने आपण होऊनच आईला सातवीतल्या त्या बैठकीची गोष्ट सांगितली. मला हे नंतर आईकडून कळलं. आई तिला म्हणाली होती, “मी तवाच इसरले की. तू अजून धरून बसलीस व्हय?”

आईला विसर पडला होता हे शब्दशः खरं असेल असं मला वाटत नाही. पण त्या बोलण्याचा उपयोग झाला. इतकी वर्षं मुलगी आईचा अपमान भरून काढायला निघाली होती आणि आईने तिच्याकडे ते मागितलेलं नव्हतं. मग उरलं काय? तिच्या वहीतली बाळंतपणाची खोली, आणि खुर्ची हवीच हा हट्ट. दोन्ही तिचे स्वतःचे होते. नर्सिंगला ती अजूनही नाहीच म्हणाली आणि मी आग्रह केला नाही.

त्यानंतर तिघं पुन्हा आले तेव्हा बोलणं लवकर आटोपलं. संस्थास्तरावरची जागा आणि जॉर्जिया हे दोन्ही पर्याय आईने बाद केले. तिसऱ्या नीटचा आग्रह वडिलांचा होता. मुलगी म्हणाली, भौतिकशास्त्रासाठी आणखी एक वर्ष नको, बीएएमएस अनुदानित महाविद्यालयात मिळालं तर घेते, विनाअनुदानितला नाही. तिच्या तोंडून आलेली ही पहिली अट होती. तोवर अटी घालायचं काम मोठ्यांचं होतं.

व्यवहाराच्या गोष्टी मग तपासल्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला आहे. वसतिगृह आणि मेस त्यात येत नाही, हे वडिलांना आधीच सांगितलं. अंतिम मुदत उलटल्यावर जागा सोडली तर काय होतं, तेही माहितीपुस्तिकेतून वाचून घेतलं, कारण ‘आत्ता घेऊन ठेवू, पुढच्या वर्षी नीट देऊन सोडू’ असा बेत वडिलांच्या मनात होता.

पुढे काय झालं

आयुषच्या फेऱ्या एमबीबीएसनंतर होतात. तो मधला काळ घराला जड गेला. नातेवाईक फोन करून “अजून काही नाही का?” विचारत होते. दसऱ्याच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तिला जागा मिळाली.

पहिलं वर्ष सोपं जात नाहीये. शाळेत संस्कृत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे संहितेची सूत्रं आणि पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाच्या मूलतत्त्वांचा विषय) जड जातंय. रचना शारीरात, म्हणजे शरीररचनेच्या विषयात, ती रमली आहे. वर्गातली निम्मी मुलं नीट पुन्हा देण्याच्या गोष्टी करतात आणि त्यात तिलाही कधीकधी वाटतं की आपणही द्यावी. सध्या तरी नाही असं तिने ठरवलं आहे. वडील याला होकारही देत नाहीत, नकारही. ते ‘बघू’ म्हणतात. पतपेढीचे हप्ते चालू आहेत.

बीएएमएस तिच्यासाठी बरोबर होतं की नाही, ते इंटर्नशिपशिवाय कळणार नाही. एमबीबीएसच मिळालं असतं तर ही चौकशी झालीच नसती. खुर्चीचा प्रश्न तसाच तिच्याबरोबर कॉलेजात गेला असता.

काय वेगळं करता आलं असतं

ही चौकशी जून २०२४ मध्ये व्हायला हवी होती, लातूरची फी भरायच्या आधी. त्या आठवड्यात ती ५४० गुणांवर होती, हातात जास्त पर्याय होते आणि कर्ज नव्हतं. निकालाच्या रागात घेतलेल्या ड्रॉपला निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, असं मी आता पालकांना सांगते. क्लासवाले लवकर येणाऱ्यांना सवलत देतात, त्यामुळे ते कठीण जातं, हेही खरं.

आरोग्य केंद्रावरचे दिवस अकरावीतच मिळाले असते तर बरं झालं असतं. आता एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून रुग्णांसमोर नेतात. पण तो प्रवेश मिळाल्यानंतरचा भाग झाला. जी मुलं दोन-दोन वर्षं त्या कामासाठी परीक्षा देत राहतात, त्यांनी ते काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत कधी पाहिलेलं नसतं. ज्यांच्या घरी दवाखाना आहे ती सोडून.

आईला सुरुवातीपासून सामील करून घेण्याचा विचार माझ्या मनात अजून येतो. घरात वैद्यकीय व्यवस्थेची आतून माहिती असलेली एकटी तीच होती. कोणत्या केंद्रावर कोण डॉक्टर आहे, कुणाची पदवी काय, कुठे कंत्राट संपतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण पहिल्या बैठकीत सगळे, मीसुद्धा, वडिलांशी बोलत होतो.

यंदा आमच्या महाविद्यालयात तो दोन रकान्यांचा कागद अकरावीच्या मुलांकडून भरून घेतला. बऱ्याच जणांनी ‘डॉक्टर म्हटलं नाही तर चालेल का’ हा रकाना कोरा ठेवला. त्या मुलांशी एकेकटं बोलणं अजून चालू आहे.